जन्मजात विकृतींची प्राणि-प्रतिमाने

जन्मजात विकृतींची प्राणि-प्रतिमाने : माणसात जन्मतः असणारा रचनेचा, कार्याचा वा रासायनिक घडणीचा दोष समजून घेण्यासाठी ज्या प्राण्यांत तशाच प्रकारचा दोष निसर्गतः आढळतो अथवा प्रयोगाने उत्पन्न करता येतो, त्या प्राण्यांना त्या विकृतीची प्राणि-प्रतिमाने म्हणतात. मानवी गर्भावर प्रयोग करणे नीतीला धरून नाही. शिवाय स्त्रीला गर्भधारणा झाल्याचे कळेपर्यंत गर्भाचे अवयव घडू लागलेले असतात. या दोन कारणांमुळे कोंबडीचे अंडे, डुक्कर, ससा, माकड आणि मुख्यत्वे कृंतक प्राणी यांचा उपयोग सुमारे दोन शतके होत आला आहे. प्रयोगशाळेतील कृंतकांपैकी आकाराने मोठा तो रॅट व लहान तो उंदीर, असा भेद येथे केला आहे.

दुभंगलेला ओठ किंवा वाकडे पाऊल यांसारखी डोळ्यांना दिसणारी व्यंगे तेवढीच जन्मजात विकृती नव्हेत. मार्च ऑफ डाइम्स या अमेरिकन संस्थेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जागतिक अहवालात सर्वाधिक आढळणाऱ्या पाच गंभीर जन्मजात विकृतींमध्ये हृदयाचे दोष, मज्जारज्जूनलिकेचे दोष, डाउन लक्षणसमूह व जी-६-पीडी एंझाइमाची न्यूनता यांच्या बरोबरीने हीमोग्लोबिनाच्या आनुवंशिक विकृतींची गणना केली आहे. दात्रकोशिका रोग, म्हणजे लोकव्यवहारातील ‘सिकलसेल’, ही त्यांपैकीच एक विकृती. विदर्भात, विशेषतः यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर व भंडारा या जिल्ह्यांत, ती मोठ्या प्रमाणावर आढळते. तिच्या अभ्यासात हरीण, माकड, रॅट व उंदीर या चारही प्राण्यांचा उपयोग झाला. मात्र प्रत्येक प्राण्याने त्याच्या शरीररचनेला झेपेल तेवढ्याच प्रश्नाचे उत्तर दिले. विदर्भातील रुग्णाला औषध किती द्यावे, हा प्रश्न शेवटी विदर्भातील मुलांच्याच अभ्यासाने सुटला. या विषयाचा इतिहास पाहताना हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो.

प्रारंभीचे प्रयोग : विकृत जन्माला दैवी कोप किंवा मातेच्या मनावरील आघात कारण मानण्याची समजूत सर्व देशांत होती. फ्रेंच प्राणिवैज्ञानिक एत्येन झॉफ्र्वा सेंतिलेर यांनी १८२० नंतरच्या दशकात अंडी उबवण्याच्या परिस्थितीत फेरफार करून विकृत पिले उत्पन्न केली आणि विकृती ही विकासात आलेल्या अडथळ्याचा परिणाम असते, असे मत मांडले. त्यांचे पुत्र इझिडोर यांनी १८३२ पासून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या विषयाला स्वतंत्र शास्त्राचे नाव दिले. कामीय दारेस्त यांनी कोंबडीच्या अंड्यांवरील दीर्घ प्रयोगांचे विवेचन १८७७ मध्ये ग्रंथरूपाने केले. असे असले, तरी सस्तन प्राण्यांचा गर्भ मातेच्या उदरात सुरक्षित असतो व त्याला केवळ आनुवंशिक दोषच बाधतात, ही समजूत विसाव्या शतकातही टिकून होती.

तिला पहिला मोठा धक्का अमेरिकेतील टेक्सस राज्यातील फ्रेड हेल यांनी दिला. त्यांनी १९३३ मध्ये नोंदविलेल्या प्रयोगात अ जीवनसत्त्वविरहित आहारावर ठेवलेल्या डुकरिणीला ११ पिले झाली व त्यांपैकी एकालाही नेत्रगोल नव्हते. पुरेसे अ जीवनसत्त्व दिल्यावर निर्दोष पिले जन्मली. दोष आनुवंशिक नसून आहारातील उणिवेचा होता, हे यावरून उघड झाले. जोसेफ वॉर्कनी यांनी १९४० मध्ये मातेच्या निकस आहारामुळे रॅटच्या पिलांत सांगाड्याच्या ठराविक विकृती उद्भवतात, असे दाखविले. पुढील वर्षी ऑस्ट्रेलियातील नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांना गर्भवतीस झालेला जर्मन गोवर व अर्भकाचा मोतीबिंदू यांचा संबंध आढळला. बाह्य कारणे मानवी गर्भालाही विकृत करतात, हे येथे प्रथमच स्पष्टपणे प्रत्ययास आले.

कोंबडीचा भ्रूण मागे पडला नाही. डेनिस न्यू यांनी १९५५ मध्ये भ्रूण अंड्याबाहेर काचपात्रात वाढविण्याची पद्धत दिली. अंडे स्वस्त असते व भ्रूणातील बदल तासातासाला पाहता येतात, हे या पद्धतीचे लाभ. एडिंबरो येथे कॉनराड वॉडिंग्टन यांच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या लीला मुळहेरकर यांनी ही विद्या पुणे विद्यापीठात आणली व तेथे भ्रूणवैज्ञानिकांची परंपरा निर्माण केली. मात्र कोंबडीच्या भ्रूणाला वार नसते. मातेच्या शरीरात औषधावर होणाऱ्या प्रक्रिया आणि वारेतून होणारी देवघेव यांविषयी तो काही सांगू शकत नाही.

थॅलिडोमाइडचा धडा : झोपेसाठी व गर्भवतींच्या मळमळीवर दिले जाणारे थॅलिडोमाइड हे औषध पश्चिम जर्मनीत १९५७ मध्ये विक्रीस आले. विक्रीपूर्वी गाभण प्राण्यांवर त्याची पद्धतशीर परीक्षा झालेली नव्हती. जर्मनीतील विडुकिंट लेंट्स व ऑस्ट्रेलियातील विल्यम मॅकब्राइड यांनी धोक्याची सूचना दिल्यावर नोव्हेंबर १९६१ मध्ये जर्मनीत ते मागे घेण्यात आले. तोपर्यंत जगात सुमारे १०,००० मुले आखूड किंवा अपूर्ण हातपाय व इतर व्यंगे घेऊन जन्मली होती, असा अंदाज आहे.

त्यानंतरच्या परीक्षांत आढळलेली गोष्ट अधिक विचार करायला लावणारी होती. रॅट व उंदीर यांच्या गर्भांवर या औषधाचा तसा परिणाम बहुधा होतच नाही. न्यूझीलंड जातीच्या पांढऱ्या सशांत मात्र १९६२ मध्ये माणसासारख्या विकृती उत्पन्न झाल्या, व नंतर माकडांतही त्या दिसून आल्या. यामागील कारण २०१८ मध्ये उमगले. थॅलिडोमाइडामुळे कोशिकेतील सेरेब्लॉन हे प्रथिन, हातपाय घडविण्यास आवश्यक असलेल्या एसएएलएल-४ या प्रथिनाचा नाश घडवून आणते. कृंतकांत या प्रथिनांची घडण किंचित वेगळी असल्याने हा नाश होत नाही. थोडक्यात, रॅटमध्ये निर्धोक ठरलेले औषध माणसात निर्धोक असेलच असे नाही. म्हणून १९६६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने घालून दिलेल्या आणि पुढे इतरत्र रूढ झालेल्या नियमांत गर्भावरील परिणाम एक कृंतक व एक अकृंतक, बहुधा ससा, अशा दोन प्राण्यांत तपासण्याची प्रथा पडली. भारतात औषध नियमावलीच्या ‘अनुसूची वाय’ने १९८८ पासून नव्या औषधांच्या परीक्षांना निश्चित चौकट दिली. आता ही तरतूद २०१९ च्या नियमांत आहे.

मुंबईतील माकडे व फॉलिक अम्ल : महाराष्ट्रात झालेल्या एका जुन्या प्रयोगमालेचा या विषयाशी जवळचा संबंध आहे. ब्रिटिश वैद्य लूसी विल्स या १९२८ मध्ये मुंबईत आल्या व हाफकिन संस्थेत त्यांनी गर्भवतींना होणाऱ्या घातक पांडुरोगाचा शोध घेतला. कापड गिरण्यांतील गरीब स्त्रियांत तो विशेष आढळे. प्रथम त्यांनी रॅटवर प्रयोग केले. परंतु उवांद्वारे पसरलेल्या जंतुसंसर्गामुळे रॅटनाही पांडुरोग होत असल्याचे लक्षात आले व ते निष्कर्ष बाधित झाले. मग माकडांना त्या स्त्रियांच्या आहारासारखा निकस आहार देण्यात आला. त्यांना झालेला पांडुरोग यीस्टच्या अर्काने बरा झाला, तसाच रुग्ण स्त्रियांचाही. या अर्कातील गुणकारी घटक म्हणजे १९४१ मध्ये पालकाच्या पानांपासून मिळविलेले फॉलिक अम्ल होय, असे पुढे सिद्ध झाले.

फॉलिक अम्लाच्या अभावी रॅटच्या गर्भांत अनेक विकृती होतात, हे १९५० नंतरच्या दशकात दिसून आले. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, ज्या मातांना पूर्वी मज्जारज्जूनलिकेचा दोष असलेले मूल झाले होते, त्यांना गर्भधारणेच्या सुमारास हे अम्ल दिल्याने दोषाची पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी घटली. दात्रकोशिका रोगात तांबड्या कोशिका सतत नष्ट होऊन नव्या घडवाव्या लागत असल्याने आज विदर्भातील रुग्णांनाही हेच अम्ल नियमित दिले जाते.

यवतमाळ जिल्हा व दात्रकोशिका रोग : यवतमाळ हा विदर्भातील अमरावती विभागातील जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या २७,७२,३४८ असून तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे साडेअठरा टक्के होते. गोंड, परधान, कोलाम व आंध या येथील प्रमुख जमाती. केळापूर, झरी जामणी, मारेगाव, घाटंजी व राळेगाव या तालुक्यांत आदिवासी वस्ती विशेष आहे.

दात्रकोशिका रोगाची पहिली वैद्यकीय नोंद शिकागोचे जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये केली. भारतात ही विकृती १९५२ मध्ये निलगिरी प्रदेशातील जमातींत आणि आसामातील चहामळ्यांच्या मजुरांत आढळली. नागपूर येथील शुक्ल व सोळंकी यांनी १९५८ मध्ये मध्य भारतातील तिचे अस्तित्व नोंदविले. पुण्याचे सुदाम काटे यांनी पुढील काळात महाराष्ट्रातील जमातींची व्यापक पाहणी केली. काही जमातींत वाहकांचे प्रमाण २० टक्क्यांहून अधिक असल्याचे तीत आढळले. ज्या जिल्ह्यांत रुग्णांची संख्या ५,००० हून अधिक असावी असा अंदाज वर्तविण्यात आला, त्यांत यवतमाळचा समावेश आहे. ही विकृती केवळ आदिवासींपुरती नाही. विदर्भातील अनुसूचित जाती व अन्य समाजांतही ती आहे.

हीमोग्लोबिनाच्या बीटा शृंखलेतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक अम्लाऐवजी व्हॅलीन येणे, एवढाच हा मूळ दोष आहे. लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये विद्युत् संचारण तंत्राने हीमोग्लोबिनातील फरक दाखविला व व्हर्नन इंग्राम यांनी पुढील दशकात त्याचे नेमके स्थान शोधले. ऑक्सिजन कमी होताच हे हीमोग्लोबिन एकमेकांस चिकटून काड्यांसारखे होते. त्यामुळे तांबड्या कोशिका विळ्याच्या आकाराच्या व ताठर बनतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. असह्य अस्थिवेदना, पांडुरोग, वारंवार जंतुसंसर्ग व पक्षाघात हे त्याचे परिणाम होत. मातापित्यांपैकी एकाकडून दोष आल्यास मूल वाहक होते, दोघांकडून आल्यास रुग्ण. माता व पिता दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणी मूल रुग्ण असण्याची शक्यता चारांत एक असते. वाहकाला सहसा कोणताही त्रास होत नाही. उलट हिवतापापासून त्याला काही प्रमाणात संरक्षण मिळते, असे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये दाखविले.

निसर्गातील अपुरे प्रतिमान : विळ्याच्या आकाराच्या तांबड्या कोशिका माणसाआधी हरणात पाहिल्या गेल्या. जॉर्ज गलिव्हर यांनी १८४० मध्येच हरणांच्या रक्तातील अशा कोशिकांचे वर्णन केले होते. साहजिकच, हरीण या रोगाचे प्रतिमान होईल अशी अपेक्षा निर्माण झाली. परंतु हरणाच्या कोशिका ऑक्सिजन भरपूर असताना वाकतात, माणसाच्या तो कमी असताना. शिवाय अशा हरणाला आजार होत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार हरणातील बदल बीटा शृंखलेच्या २२ व्या स्थानी आहे. सारांश, बाह्य रूप जुळले म्हणून रोग जुळत नाही.

माकड, रॅट व हायड्रॉक्सियुरिया : नवजात अर्भकात हा दोष असूनही पहिले काही महिने लक्षणे दिसत नाहीत. गर्भावस्थेतील विशिष्ट हीमोग्लोबिन त्या काळात त्याचे रक्षण करते, असे न्यूयॉर्कच्या जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्ये सुचविले होते. प्रौढात हे गर्भीय हीमोग्लोबिन पुन्हा वाढविता आले तर रोग सौम्य होईल, हा विचार त्यातूनच आला. उंदरांत मानवासारखे गर्भीय हीमोग्लोबिन नसते, म्हणून येथे माकडेच आवश्यक होती. १९८२ मध्ये बॅबून माकडांत एका रसायनाने ते वाढते असे दिसले. १९८४ मध्ये हायड्रॉक्सियुरिया या कर्करोगावरील औषधानेही पांडुरोगी माकडांत तोच परिणाम साधला आणि त्याच सुमारास रुग्णांवरील प्रयत्नांना आरंभ झाला. अमेरिकेतील २९९ प्रौढ रुग्णांच्या चाचणीत, ती १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली, वेदनेच्या तीव्र झटक्यांची वार्षिक मध्यसंख्या औषध न घेणाऱ्यांत ४.५, तर घेणाऱ्यांत २.५ होती.

हेच औषध प्रयोगशाळेत मात्र विकृतिजनक द्रव्य म्हणून आधीपासून परिचित होते. कोशिकांतील डीएनएची निर्मिती ते रोखते व गाभण रॅटला दिल्यास पिलांत गंभीर विकृती उद्भवतात. माकडांतही त्याचा गर्भावरील परिणाम तपासला गेला होता. माणसात अशी हानी निश्चितपणे सिद्ध झालेली नाही. तरी थॅलिडोमाइडच्या अनुभवानंतर प्राण्यांतील इशाऱ्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. म्हणून गर्भधारणेचा विचार करणाऱ्या रुग्ण स्त्रीने वैद्याच्या सल्ल्याने हे औषध आधीच थांबवावे, असे सांगितले जाते. एक प्राणी औषधाचा गुण दाखवितो आणि दुसरा त्याचा धोका. विवाहयोग्य वयाला पोहोचलेल्या रुग्ण मुलीला सल्ला देताना या दोन्हींचा मेळ घालावा लागतो.

मानवी जनुक धारण करणारा उंदीर : निसर्गात प्रतिमान न मिळाल्याने ते घडवावे लागले. १९९० मध्ये मानवी दात्र-जनुक उंदरांत घालण्यात यश आले. तथापि उंदराची स्वतःची आल्फा शृंखला काड्या बनण्यास अडथळा करीत असल्याने रोग पुरता प्रकटला नाही. १९९१ मध्ये फ्रान्समध्ये तयार केलेल्या उंदरात दात्र-दोषाला अँटिलीस व डी-पंजाब या आणखी दोन मानवी दोषांची जोड देण्यात आली. अखेर १९९७ मध्ये अमेरिकेतील दोन गटांनी उंदराची स्वतःची हीमोग्लोबिन जनुके निकामी करून त्या जागी केवळ मानवी हीमोग्लोबिन तयार करणारे उंदीर सिद्ध केले. त्यांच्यात तीव्र पांडुरोग व अंतर्गत अवयवांची हानी माणसासारखीच दिसून आली.

या उंदरांवर २००१ मध्ये जनुकोपचार यशस्वी झाला. गर्भीय हीमोग्लोबिन दाबून ठेवणारे बीसीएल-११-ए हे जनुक मात्र प्रथम मानवी लोकसमूहांच्या अभ्यासातून लक्षात आले. ते निकामी केल्यास उंदरातील रोग सुधारतो, हे २०११ मध्ये दिसून आले. याच तत्त्वावर रुग्णाच्या अस्थिमज्जेतील कोशिकांत फेरबदल करणाऱ्या उपचाराला ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये व अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. त्याचा खर्च मात्र अतोनात आहे व त्यासाठी प्रगत रुग्णालय लागते.

प्रतिमानाची मर्यादा व विदर्भातील रुग्ण : प्रयोगशाळेतील उंदीर एकाच वंशावळीचा, ठराविक आहारावर व निर्जंतुक वातावरणात वाढलेला असतो. झरी जामणीतील मुलाला कुपोषण, हिवताप व दवाखान्याचे अंतर यांना तोंड द्यावे लागते. प्लीहेचे उदाहरण बोलके आहे. आफ्रिकी वंशाच्या रुग्णांत प्लीहा बालपणीच आक्रसते. भारतीय रुग्णांत ती पुष्कळदा वाढलेली राहते. उंदरातही ती वाढते, परंतु उंदराची प्लीहा आयुष्यभर रक्तकोशिका तयार करीत असल्याने तेथील वाढीचे कारण वेगळे असते.

भारतीय रुग्णांत दात्र-जनुकाच्या भोवतालची जनुकीय रचना आफ्रिकेतील रचनांहून वेगळी असून तिच्याबरोबर गर्भीय हीमोग्लोबिनाचे प्रमाण जास्त असते. त्यामुळे भारतातील रोग सौम्यच, असे काही काळ मानले गेले. पुढील अभ्यासांत गुजरातमधील आदिवासी रुग्णांच्या मानाने नागपूर परिसरातील रुग्णांत रोग पुष्कळदा तीव्र असल्याचे आढळले. गुजरातमधील रुग्णांत आल्फा थॅलॅसेमियाचे प्रमाण अधिक असणे, हे या भेदाचे एक कारण मानतात. कोणत्याही उंदराने हा भेद दाखविला नसता.

औषधाच्या मात्रेबाबतही असेच घडले. पाश्चात्त्य देशांत हायड्रॉक्सियुरियाची मात्रा सहन होईल तेथपर्यंत वाढवीत नेण्याची रीत आहे व त्यासाठी वारंवार रक्ततपासणी करावी लागते. खेड्यातील रुग्णाला ते अवघड असते. नागपूर येथे दीप्ती जैन व सहकाऱ्यांनी तीव्र रोग असलेल्या ६० मुलांवर केलेली चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. शरीराच्या दर किलोग्रॅम वजनास दररोज १० मिलिग्रॅम एवढ्या अल्प व स्थिर मात्रेनेही वेदनेचे झटके व रक्त देण्याची गरज पुष्कळ घटते, असे तीत आढळले. बालमृत्यू टाळण्यातही सर्वांत साध्या उपायाचा मोठा वाटा आहे. लहान मुलांना नियमित पेनिसिलिन दिल्याने घातक जंतुसंसर्ग ८४ टक्क्यांनी कमी होतो, हे अमेरिकेत १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने दाखविले. त्यासाठी मूल रुग्ण आहे हे जन्मतःच कळणे मात्र आवश्यक असते.

सद्यःस्थिती : भारतात प्राण्यांवरील प्रयोगांचे नियमन १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमाखाली व १९९८ च्या नियमांनुसार होते. संस्थेच्या नीती समितीच्या संमतीविना प्रयोग करता येत नाहीत. कोशिकासंवर्धने व झेब्रा मासा यांमुळे सस्तन प्राण्यांची गरज काही अंशी कमी झाली आहे. हीमोग्लोबिनाच्या विकृतींसाठी चंद्रपूर येथे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे केंद्र स्थापन झाले असून ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे लोकार्पण झाले. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत आदिवासीबहुल भागांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या ७ कोटी व्यक्तींची तपासणी व २०४७ पर्यंत या रोगाचे निर्मूलन, हे उद्दिष्ट ठेवले आहे.

या मोहिमेचा भर विवाहपूर्व व प्रसूतिपूर्व तपासणीवर आहे. रक्ताच्या थेंबावरील साध्या विद्राव्यता चाचणीने दोषाचा संशय येतो व विद्युत् संचारणासारख्या चाचणीने वाहक व रुग्ण हा भेद निश्चित होतो. हा भेद गावात नीट समजावून सांगितला नाही, तर निरोगी वाहक मुलीचा विवाह मोडण्याचा धोका असतो. प्राणि-प्रतिमानांनी विकृतीची यंत्रणा उलगडली, औषध दाखविले व त्याचा धोकाही दाखविला. समुपदेशनाचे हे काम मात्र गावपातळीवरील आरोग्यसेविका व आशा कार्यकर्ती यांनाच करावे लागते.